सगोत्र, समानधर्मा आणि शेजारी : भाषातुलनेच्या नीतीविषयी

१

दोन भाषांची तुलना ही सामान्यतः निव्वळ ज्ञानव्यवहारातील कृती मानली जाते. तुलनाकार ध्वनी, रूपे आणि वाक्यरचना समोरासमोर मांडतो, साम्यभेद नोंदवतो आणि निष्कर्ष काढतो; या कृतीत कोणाचे भलेबुरे होण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. कोणती भाषा कोणत्या भाषेशेजारी ठेवायची, कोणत्या निकषावर ठेवायची आणि दोहोंपैकी मानदंड कोणता समजायचा, हे तुलना सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. आणि या ठरवण्यात मोलाचा, मानाचा, प्रसंगी हक्काचाही निवाडा दडलेला असतो.

उझबेक आणि तेलुगू ही जोडी या तपासासाठी विशेष उपयोगी पडते. एक तुर्की कुळातील, अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांच्या परिसरात बोलली जाणारी. दुसरी द्राविड कुळातील, आंध्र प्रदेश आणि तेलंगणाची. दोघींचा समान पूर्वज सिद्ध झालेला नाही आणि दोघींत सलग शेजारही नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात त्यांना एका घरात बसवण्याचा गंभीर प्रयत्न झाला, आणि तो फसल्यावरही त्यांच्यातील साम्य उरलेच. या साम्याचे मोल ताश्कंद वा हैदराबाद येथून पाहण्यापेक्षा गोंदिया जिल्ह्यातून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात मराठी व तिची झाडीबोली, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी या भाषा एकमेकींच्या उंबऱ्याशी नांदतात. यांपैकी गोंडी ही तेलुगूची सगोत्र आणि मराठीची शेजारीण. त्यामुळे कुळ, साधर्म्य आणि शेजार ही तुलनेची तिन्ही अधिष्ठाने येथे एकाच वेळी तपासता येतात.

योगायोग असा की, या तिहींपैकी दुसऱ्या अधिष्ठानाला नेमके नाव देणारा कवीही याच परिसराशी जोडला जातो. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे पद्मपूर होय, असे विदर्भात मानले जाते. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्याने ज्या वाचकाची आशा धरली तो त्याच्या कुळातला किंवा गावातला नव्हता, तो केव्हातरी, कोठेतरी जन्मणारा ‘समानधर्मा’ होता. रक्ताचा वा सहवासाचा आधार नसतानाही धर्म समान असू शकतो, ही कल्पना भाषांच्या विचारातही उपयोगी पडते.

२

फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ मध्ये कँबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात असे दाखवले की, तेलुगू आणि तिच्या दाक्षिणात्य बहिणी संस्कृतापासून निपजलेल्या नाहीत. १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल याने द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहून त्यांचे स्वतंत्र कुळ सिद्ध केले. परंतु संस्कृताच्या घरातून बाहेर काढलेल्या भाषांना दुसरे घर हवे होते, आणि कॉल्डवेलने ते ‘सिथियन’ या नावाखाली, तुर्की, फिनिश आदी भाषांच्या सोबतीने सुचवले. त्याच सुमारास मॅक्स म्युलर ‘तुराणी’ नावाच्या एका विशाल भाषासमूहाची मांडणी करीत होता. इराणी परंपरेत तुराण म्हणजे अमू दर्यापलीकडचा मुलूख. अर्थात आजच्या उझबेकांचाच देश. अशा रीतीने तेलुगूची वंशावळ समरकंद-बुखाऱ्याच्या दिशेने वळवण्यात आली.

या मांडणीमागची निरीक्षणे खोटी नव्हती. नामाला एकामागून एक, प्रत्येकी वेगळ्या अर्थाचे प्रत्यय जोडण्याची पद्धत दोन्ही भाषांत आहे. उझबेकमध्ये ‘कितॉब-लार-इमिझ-दा’ या एका शब्दात पुस्तक, अनेकवचन, स्वामित्व आणि स्थान असे चार थर लागतात. तेलुगूही ‘पुस्तकाललो’ असे म्हणताना वचन आणि स्थान यांचे थर असेच वेगळे ठेवते. दोहींत क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी रूप नामामागून येते. कॉल्डवेलने तेलुगूतील स्वरमेळाकडेही, म्हणजे शब्दातील एका स्वराने पुढच्या स्वराला आपल्याकडे ओढण्याच्या प्रवृत्तीकडेही, लक्ष वेधले होते. तुर्की भाषांचे हे ठळक लक्षण. मात्र इतिहासाने येथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘पिल्लि’ या शब्दाला चतुर्थीत ‘कु’ न लावता ‘कि’ लावणारी तेलुगू या प्रवृत्तीचा अंश आजही राखून आहे. उलट प्रमाण उझबेकने ताजिक-फारसीच्या दीर्घ सहवासात स्वरमेळ बहुतांशी गमावला. जे लक्षण रक्ताची खूण म्हणून पुढे केले गेले, ते शेजाराने पुसता येते, हे यातून दिसते.

कुळ सिद्ध व्हायचे तर मूलभूत शब्दसंग्रहात नियमित ध्वनिसंवाद सापडावे लागतात. ते येथे सापडत नाहीत. उझबेकचे ‘इक्की, उच, तोर्त’ आणि तेलुगूचे ‘रेंडु, मूडु, नालुगु’ यांना कोणत्याही नियमाने एकत्र आणता येत नाही. ‘तुराणी’ हे कुळ वस्तुतः नकाराने बांधलेले होते. जे आर्य नाही आणि सेमिटिकही नाही, ते या टोपलीत जात असे. यथावकाश भाषाशास्त्राने ही टोपली मोडीत काढली, हे योग्यच झाले.

तथापि वंशावळ मोडली तरी साधर्म्य मोडत नाही. कॉलिन मॅसिका याने १९७६ मधील आपल्या ग्रंथात भारतीय भाषांची म्हणून मानली जाणारी कित्येक लक्षणे मध्य आशियापर्यंत पसरलेली आहेत हे दाखवले. मराठी वाचकाला ते पटण्यासाठी ग्रंथाची गरज नाही. मराठीत लिहून दिले, लिहून घेतले, लिहून ठेवले, लिहून टाकले अशा चार क्रिया संभवतात. उझबेकमध्ये त्याच क्रमाने ‘यॉझिब बेर्दी’, ‘यॉझिब ऑल्दी’, ‘यॉझिब कोय्दी’, ‘यॉझिब ताश्लादी’ अशी रूपे आहेत आणि त्यांतील सहायक धातूंचे मूळ अर्थ देणे, घेणे, ठेवणे आणि टाकणे हेच आहेत. तेलुगूत ‘रासि इच्चाडु’, ‘रासुकुन्नाडु’, ‘रासि पेट्टाडु’, ‘रासि पारेशाडु’. क्रिया कोणासाठी झाली, तिचे फळ कोणाकडे गेले, ती सांभाळून केली की उरकून टाकली, हा भाव व्यक्त करण्यासाठी तीन परस्परभिन्न कुळांतील भाषांनी देण्याघेण्याच्या साध्या धातूंचाच आश्रय केला आहे.

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीत याहून लक्षणीय आहे. ‘येईन म्हणून सांगितले’ हे मराठी वाक्य उझबेकमध्ये ‘केलामान देब आय्त्दी’ असे होते आणि तेलुगूत ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ असे. तिन्ही ठिकाणी मधला शब्द ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूचे पूर्वकालवाचक रूप आहे. आणि तिन्ही ठिकाणी सांगणारा मूळ वक्त्याचा प्रथमपुरुष तसाच ठेवतो. ‘येईन’ मधला ‘मी’ सांगणाऱ्याचा नसतो, तो ज्याचे बोलणे सांगितले जाते त्याचा असतो. सांगणारा बाजूला होतो आणि अनुपस्थित माणूस वाक्याच्या आत स्वतःच्या तोंडाने बोलतो.

३

साधर्म्याचा हा आनंद निर्मळ असला तरी तो कोणावर कसलीही जबाबदारी टाकत नाही. उझबेक भाषकाचे तेलुगू भाषकाने, वा मराठी भाषकाने, काही देणे लागत नाही. दूरस्थ समानधर्म्याचे कौतुक स्वस्त असते. नैतिक प्रश्न उभा राहतो तो तुलनेची वर्तुळे जवळ येऊ लागली म्हणजे.

गोंडी आणि तेलुगू यांचे नाते तुराणी कल्पनेसारखे अनुमानाचे नाही. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्या वर्गीकरणात या दोन्ही भाषा कुई, कुवी, कोंडा इत्यादींसह दक्षिण-मध्य द्राविड शाखेत येतात. गोंडीचे ‘रंड, मूंड, नालुंग’ आणि तेलुगूचे ‘रेंडु, मूडु, नालुगु’ शेजारी ठेवले की नाते बोलू लागते. गोंडीत पाण्याला ‘एर’ म्हणतात, तेलुगूत ‘एरु’ म्हणजे नदी. कानाला गोंडीत ‘केवि’, तेलुगूत ‘चेवि’. हाताला गोंडीत ‘कय’, तेलुगूत ‘चेयि’. तालव्य स्वरापूर्वीच्या ‘क’चा तेलुगूत ‘च’ झाला. गोंडीने जुना ध्वनी राखला. लिखित परंपरा जिच्या बाजूने आहे ती भाषा या बाबतीत नवी, आणि जिला बोली म्हणून बाजूस सारले जाते ती जुनी, असा हा पुरावा आहे.

पण सगोत्रतेने गोंडीला काय दिले? स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने गोंडांचे लिंगोगीत टिपून घेतले आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ते प्रसिद्ध केले, ही मोलाची गोष्ट. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०६ मधील चौथ्या खंडात स्टेन कोनो याने गोंडीचे नमुने दिले. त्या पाहणीत भाषांना एका मापाने मोजण्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर प्रत्येक भाषेत करून घेण्याची पद्धत होती. स्थानिक कथागीतांनाही तेथे जागा होती, हे मान्य केले पाहिजे. तरी मापदंड म्हणून निवडलेला मजकूर बाहेरचाच होता. त्यात प्रत्येक भाषा बोलते खरी, पण दुसऱ्याने आधीच ठरवून दिलेले बोलते. कुळाच्या तक्त्यात गोंडीला जागा मिळाली, शाळेत मिळाली नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. गोंड समाजाची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे, म्हणजे भाषा सोडावी लागलेल्यांची संख्याही मोठीच असणार. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडी नाही.

४

या विषमतेचे स्वरूप समजून घेण्यासाठी अलंकारशास्त्रातील उपमाविचार उपयोगी पडतो. उपमेला उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द अशी चार अंगे असतात. त्यांत उपमान हे गुणाने अधिक आणि प्रसिद्ध असते. उपमेयाचे तेज त्याच्याकडून उसने आलेले असते. भाषांची तुलनाही बहुधा याच घाटाची असते. ‘गोंडी तेलुगूसारखी आहे’ असे म्हटले जाते. ‘तेलुगू गोंडीसारखी आहे’ असे कोणी म्हणत नाही. दोन्ही विधानांतील साधारणधर्म एकच असतो. दिशा मात्र वेगळी असते, आणि प्रतिष्ठेचे वाटप या दिशेवरून होते.

उपमेयाच्या जागेवर बसवलेल्या भाषेचे कैवारी दोन मार्गांनी तिथून उठू पाहतात. पहिला मार्ग प्रतीपाचा, म्हणजे उपमान-उपमेयांची उलटापालट करण्याचा. अलीशेर नवाई याने १४९९ मध्ये ‘मुहाकमतुल्लुगतैन’ हा ग्रंथ लिहून तुर्की आणि फारसी या दोन भाषांचा निवाडा केला आणि तुर्कीच्या बाजूने कौल दिला. त्याचा आधार होता तुर्कीतील शंभर क्रियापदांची यादी. रडण्याच्या नाना छटांसाठी तुर्कीत वेगवेगळे धातू आहेत आणि फारसीला ते सांगता येत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्या दरबारात कविता म्हणजे फारसी असे समीकरण होते, तेथे हा युक्तिवाद स्वाभिमानाचा होता. दुसरा मार्ग अनन्वयाचा : ही भाषा हिच्यासारखी हीच. कृष्णदेवरायाने ‘आमुक्तमाल्यदे’त देशभाषांत तेलुगूला श्रेष्ठ ठरवले, मराठीत ज्ञानेश्वरांनी अमृताशी पैज लावली आणि फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त मराठीचे स्तवन केले, त्या सर्वांचा ओढा याच दिशेचा. २००८ मध्ये तेलुगूला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला मिळालेली अभिजाततेची मान्यता ही याच ओढीची आधुनिक, शासकीय मोहोर होय.

गोंडीच्या बाबतीत प्रतीपाचा मार्ग मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी अवलंबला. गोंडी भाषा, कोया पुनेम आणि सालेकसा तालुक्यातील कचारगड यांविषयी आयुष्यभर लिहिणाऱ्या या अभ्यासकाने सिंधू लिपीचा उलगडा गोंडीतून करण्याचा प्रयत्न केला. भाषाशास्त्रज्ञांच्या वर्तुळात तो उलगडा स्वीकारला गेलेला नाही, आणि पुराव्याचे निकष पाळणाऱ्या कोणालाही तो स्वीकारणे कठीण आहे. परंतु तो का करावासा वाटला, हा प्रश्न निकषांच्या बाहेरचा नाही. जेथे प्राचीनता सिद्ध केल्याखेरीज भाषेला मान मिळत नाही, तेथे मान हिरावलेला माणूस प्राचीनतेचा पुरावा शोधणारच. दोष शोधणाऱ्यापेक्षा ती अट घालणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे. आणि वंशावळी केवळ दुबळेच रचतात असेही नाही. नवाईच्या चगताईला ‘जुनी उझबेक’ हे नाव विसाव्या शतकातील सोव्हिएत राष्ट्ररचनेने दिले.

लिप्यांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. राज्यसत्तेने उझबेकची लिपी अरबीवरून रोमनवर, १९४० मध्ये रोमनवरून सिरिलिकवर आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा रोमनकडे वळवली. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी घडवली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणतीही सत्ता नव्हती. युनिकोडमध्ये त्या लिपीला २०१७ मध्ये स्थान मिळाले. एकीकडे भाषकांना न विचारता बदललेल्या लिप्या, दुसरीकडे शतकभर मान्यतेची वाट पाहणारी लिपी. प्रतिष्ठेचे मोजमाप भाषेच्या गुणावरून होत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला नको.

५

उरतो शेजार. तुलनेच्या तिन्ही अधिष्ठानांत हेच सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण सगोत्रतेची प्रतिष्ठा आणि समानधर्म्याचे कौतुक या दोहोंतून शेजारी सुटतो. मराठी ही आर्यभाषा आहे हे शालेय ज्ञान आहे. पण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद संस्कृतात नाही. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आहे, आणि मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासातून रुजला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला, त्यातला भेद मात्र शेजाऱ्याचा. उझबेकमध्ये या दोहोंसाठी ‘बिझ’ हा एकच शब्द आहे. सर्व साधर्म्य जमेस धरूनही उझबेक जे एका सर्वनामात सांगू शकत नाही ते मराठी सांगू शकते, आणि हे सामर्थ्य तिला शेजाराने मिळालेले आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भाषा म्हणजे व्यक्ती नव्हे. तिचे ऋण कसे असेल? याचे उत्तर सोपे आहे. ऋण भाषेचे नसून बोलणाऱ्यांचे असते. कोणीतरी द्विभाषिक माणसे, बहुधा अनाम, दोन अंगणांत ये-जा करीत राहिली म्हणून हा भेद मराठीत आला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा भेद नेमका गोंडीकडून आला असे दाखवता येत नाही. कन्नड, तेलुगू वा लुप्त झालेल्या एखाद्या द्राविड भाषेकडूनही तो आला असेल. मग गोंडीचे देणे कसे सिद्ध होणार?

ते सिद्ध होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आणि नेमक्या याच ठिकाणी भाषातुलनेच्या नीतीचा मुख्य मुद्दा आहे. शेजाऱ्याचे म्हणणे ऐकण्यासाठी त्याच्याकडून काही घेतल्याची पावती लागत असेल, तर तो व्यवहार झाला, नीती नव्हे. ऋणाच्या पुराव्याचे काम मर्यादित आहे : मराठी स्वयंपूर्ण आणि निर्भेळ आहे हा भ्रम तो दूर करतो. कर्तव्य मात्र त्याच्यावर अवलंबून नसते. ते आजच्या शेजारातून उद्भवते. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील गोंडी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा त्याच्या भाषेचे तेलुगूशी नाते काय, ती सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे की नाही, मराठीने तिच्याकडून काय घेतले, यांतील कोणताही प्रश्न सुटण्याची त्याला वाट पाहायला लावणे अन्यायाचे आहे. राज्यघटनेच्या ३५०क या अनुच्छेदाने, १९५६ पासून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपवले. त्यात प्राचीनतेची अट नाही, आठव्या अनुसूचीचीही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभांच्या पुढाकाराने गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. तेथील लोकांनी कोणत्याही विद्वत्सभेच्या निर्णयाची वाट पाहिली नाही, याचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे.

मराठी पाठ्यपुस्तक ‘आपली भाषा’ असे म्हणते, तेव्हा त्या ‘आपल्या’त हे मूल आहे की नाही? नसेल, तर तेथे प्रामाणिक शब्द ‘आमची’ हा होईल. हा भेद करण्याची सोय असलेल्या भाषेने तो गैरसोयीच्या वेळी विसरावा, यात मोठी विसंगती आहे.

६

याचा अर्थ तुलना टाकून द्यावी असा नाही. तुलनेवाचून ‘लिहून दिले’ आणि ‘यॉझिब बेर्दी’ यांच्यातला आश्चर्यकारक मेळ दिसला नसता, ‘केवि’ आणि ‘चेवि’ यांचे नाते कळले नसते, ‘आपण’चे पूर्वसुकृतही कळले नसते. तुलना दृष्टी देते. अधिकार देण्याचे वा नाकारण्याचे काम तिच्याकडे सोपवू नये, इतकेच. एखादी भाषा कोणासारखी आहे हे कळल्याने तिच्याविषयीचे ज्ञान वाढते. ती ऐकली जावी हा तिच्या भाषकांचा हक्क मात्र ती कोणासारखीही नसती तरी तेवढाच राहिला असता.

अलंकारशास्त्रात उपमेच्या पुढे उपमेयोपमा सांगितली आहे. तीत दोन वस्तू आळीपाळीने एकमेकींचे उपमान होतात. मम्मटाने तिला उपमेहून वेगळा अलंकार मानले, कारण तेथे तिसऱ्या उपमानाला वावच उरत नाही. न्याय्य भाषातुलनेचा घाट असा असावा : गोंडीतून तेलुगू तपासावी आणि तेलुगूतून गोंडी, मराठीच्या अंगणातून गोंडीकडे पाहावे आणि गोंडीच्या अंगणातून मराठीकडे. यांतील दुसऱ्या दिशेचे काम अद्याप फारसे झालेले नाही. मराठीचे वर्णन गोंडीत, गोंडीच्या परिभाषेत, गोंडी भाषकाने केलेले असे अभ्यासग्रंथ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दिसत नाहीत. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांपाशी अनेक राज्यांतून गोंड भाविक जमतात, तेव्हा गोंडीच्या भिन्न बोली एकत्र येतात आणि त्यांच्यासोबत मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी याही भाषा डोंगर चढतात. तौलनिक भाषाविचाराला लागणारी सामग्री तेथे जिवंत आहे. तिच्याकडे जाणाऱ्या अभ्यासकाने उझबेक, तेलुगू आणि मराठी या तिघींनाही ठाऊक असलेली ती साधी रीत सोबत न्यावी : दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा ‘मी’ त्याच्यापाशीच राहू द्यावा.